‘माणूस’ (१९३९) आणि नीतिसंदेहाचा प्रश्न : कॅलिफोर्नियातील अपराधपटांच्या संदर्भात

लॉस एंजेलिस व सॅन फ्रान्सिस्को या नगरांच्या पार्श्वभूमीवर १९३० च्या सुमारास जी अपराधकथा अवतरली, तिने जुन्या गुप्तहेरकथेचे एक मूलभूत गृहीत मोडून टाकले. अपराध हा स्वच्छ समाजाच्या वस्त्रावरील डाग असून चतुर गुप्तहेर तो पुसून टाकतो, असे ते गृहीत होते. डॅशिएल हॅमेटच्या ‘द माल्टीज फाल्कन’ (१९३०), जेम्स केनच्या ‘द पोस्टमन ऑल्वेज रिंग्ज ट्वाइस’ (१९३४) आणि रेमंड चँडलरच्या ‘द बिग स्लीप’ (१९३९) या कादंबऱ्यांत मुळी वस्त्रच मळलेले आहे. अपराध्याला आपली सहानुभूती मिळते, आणि सत्याचा शोध घेणाऱ्याचे हातही पूर्ण निर्मळ राहत नाहीत. याच प्रवृत्तीच्या चित्रपटांना १९४६ मध्ये नीनो फ्रांक या फ्रेंच समीक्षकाने ‘फिल्म नुआर’ म्हणजे ‘काळा चित्रपट’ असे नाव दिले.

मराठी चित्रपटांत असा नीतिसंदेह आढळला की त्याचे मूळ हॉलिवूडमध्ये शोधण्याकडे अभ्यासकांचा कल होतो. प्रस्तुत टिपणात ‘माणूस’ या चित्रपटाच्या आधारे या समजुतीची तपासणी करावयाची आहे.

प्रथम कालक्रम पाहू. प्रभात फिल्म कंपनीचा, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला ‘माणूस’ १९३९ चा. जॉन ह्यूस्टनचा ‘द माल्टीज फाल्कन’ १९४१ मध्ये, तर बिली वाइल्डरचा ‘डबल इन्डेम्निटी’ १९४४ मध्ये प्रदर्शित झाला. अर्थात या चित्रपटांचे अनुकरण ‘माणूस’मध्ये असणे शक्यच नाही. छायाप्रकाशाच्या उपयोगात जे साम्य दिसते, त्याचा उलगडा वेगळ्या रीतीने करावा लागतो. वाइल्डर, फ्रिट्झ लँग, रॉबर्ट सिओडमॅक हे दिग्दर्शक बर्लिनहून हॉलिवूडला गेलेले होते. इकडे ‘सैरंध्री’ (१९३३) या चित्रपटाच्या रंगीत प्रतींच्या कामानिमित्त शांताराम जर्मनीत जाऊन आले होते, आणि पुढच्याच वर्षीच्या ‘अमृतमंथन’मध्ये जर्मन अभिव्यक्तिवादी शैलीची छाप स्पष्ट उमटली. म्हणजे हे साम्य दाता-याचकाचे नसून समान उगमाचे होय.

परंतु छाया उसनी घेता येते, नीतिसंदेह तसा उसना घेता येत नाही. त्याचे मूळ प्रभातच्या, किंबहुना कोल्हापूरच्या चित्रपरंपरेतच शोधले पाहिजे. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२५ मध्ये कोल्हापुरात ‘सावकारी पाश’ काढला. कथा नारायण हरी आपटे यांची, आणि तरुण शेतकऱ्याची भूमिका शांताराम यांची. खोट्या कागदपत्रांच्या बळावर सावकार जमीन गिळतो व शेतकरी शहरात गिरणी-कामगार होतो. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या शिरोळसारख्या शेतीप्रधान मुलखातील प्रेक्षकाला हे कथानक परके वाटण्याचे कारण नव्हते. खताचा व कोर्टाचा धाक त्याच्या नित्य परिचयाचा होता. येथे कायदा अन्यायाच्या बाजूने उभा राहतो खरा, पण दस्तऐवजच खोटा असल्यामुळे दोष कोणाचा याविषयी प्रेक्षकाच्या मनात संशय उरत नाही.

कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेली प्रभात कंपनी १९३३ मध्ये पुण्यास गेली. तेथे निघालेल्या ‘कुंकू’त (१९३७) हा प्रश्न एक पायरी पुढे सरकतो. ही कथाही आपट्यांचीच. वृद्ध काकासाहेबांशी झालेला नीराचा विवाह फसवणुकीचा असला तरी कायद्याच्या दृष्टीने खरा आहे. नीरा तो मनाने नाकारते. काकासाहेब मात्र निव्वळ खलपुरुष नाहीत. त्यांना आपली चूक उमगते आणि ते आत्मनाशाने तिला मोकळी करतात.

‘माणूस’मध्ये तिसरी पायरी येते. ए. भास्करराव यांच्या या कथेचे संवाद अनंत काणेकरांनी लिहिले. पोलीस शिपाई गणपत (शाहू मोडक) एका छाप्याच्या वेळी मैना (शांता हुबळीकर) या वेश्येला वाचवतो. कर्तव्यातील ही पहिली कसूर, आणि तीच त्याची पहिली माणुसकी. तो तिच्यावर प्रेम करतो, तिला आपल्या भाविक आईच्या घरी नेतो. पण त्या घराच्या पावित्र्यापुढे मैना स्वतःलाच अपात्र ठरवते. पुढे आपल्या नीच आप्ताचा तिच्या हातून खून होतो. गणपत तिला सोडवू पाहतो, आणि ती नकार देते.

या नकारात चित्रपटाचे सारे मर्म आहे. येथे दस्तऐवज खोटा नाही, खून खरा आहे, शिक्षाही कायदेशीर आहे. तरीसुद्धा मैना दोषी आहे असे म्हणताना प्रेक्षकाची जीभ अडखळते. ‘सावकारी पाश’पासून ‘माणूस’पर्यंत कायदा जसजसा अधिक खरा होत गेला, तसतसा नीतिसंदेह अधिक खोल गेला, असे या क्रमावरून दिसते.

कॅलिफोर्नियातील चित्रपटांशी असलेला भेदही येथेच स्पष्ट होतो. ‘डबल इन्डेम्निटी’तील विमा-विक्रेता वासना व पैसा यांच्या लोभाने खून करतो. १९३४ पासून कडकपणे अमलात आलेल्या हॉलिवूडच्या निर्मितिसंहितेनुसार अपराध्याला शासन होणे अटळ होते. त्यामुळे शेवटच्या शिक्षेवर बाह्य नियमाचा शिक्का आहे. दिग्दर्शकाने संदेह साठवला तो कथनात, कारण सारी हकीगत अपराधीच सांगतो. मैनेची शिक्षा मात्र तिने स्वतः पत्करलेली आहे. अपराधाचे मूळ तेथे व्यक्तीच्या वासनेत आहे. येथे ते एका स्त्रीला परतीची वाट न ठेवणाऱ्या समाजात आहे. ‘देवदास’च्या (१९३५) आत्मनाशी प्रेमिकाला शांताराम यांनी या चित्रपटाने उत्तर दिले, असे मानले जाते. गणपत मोडतो, मरणाचा विचार करतो, पण अखेर जगण्याकडे वळतो. नुआरच्या नायकाला हा मार्ग क्वचितच मोकळा असतो.

ही परंपरा पुढे अखंड चालली, असे मात्र म्हणता येत नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतील काळा पहाड कायद्याबाहेर राहून दुष्टांना शासन करतो. परंतु दुष्ट कोण याविषयी वाचकाला शंका पडत नाही. जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवरून राजा परांजपे यांनी काढलेल्या ‘पाठलाग’मध्ये (१९६४) वकिलाच्या मृत पत्नीसारखीच दिसणारी स्त्री आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते. अपराधिनी आणि गृहिणी एकच असेल काय, हा प्रश्न तेथे विलक्षण ताकदीने उभा केला आहे. त्याचे उत्तर मात्र रूपसाम्याच्या युक्तीने दिले जाते: पाप एकीचे, पत्नीपद दुसरीचे. पंचवीस वर्षांपूर्वी मैनेच्या एकाच देहात जे दोन्ही नांदले होते, ते येथे दोन देहांत वाटून प्रेक्षकाची सुटका केली आहे. कथानकाची गुंफण अधिक चतुर झाली, पण नैतिक साहस उणावले.

तात्पर्य, ‘माणूस’ला ‘मराठी नुआर’ म्हणणे सोयीचे असले तरी इतिहासदृष्ट्या ते दिशाभूल करणारे आहे. त्या नावामुळे तंत्रातील आप्तसंबंध दिसतो, पण खत, कुंकू आणि शिक्षा या तीन कायदेशीर गोष्टींभोवती कोल्हापूर-पुण्याच्या चित्रकारांनी चौदा वर्षे जो विचार केला, तो झाकला जातो. मराठी अपराधपटांचा इतिहास लिहिताना आरंभ त्या विचारापासून व्हावा, एवढेच या टिपणाचे प्रतिपाद्य आहे.