चार बाहुल्या आणि एक अडचणीचा आकडा

टेबलावर चार बाहुल्या. घडण अगदी एकसारखी. दोन तपकिरी, काळ्या केसांच्या, तर दोन गोऱ्या, पिवळ्या केसांच्या. समोर तीन ते सात वर्षांचे कृष्णवर्णीय मूल. ‘तुला खेळायला आवडेल ती दे’, ‘वाईट दिसते ती दे’, अशा एकेक सूचना. ‘तुझ्यासारखी दिसते ती दे’ ही सूचना मुद्दाम शेवटी ठेवली होती. ती आधी दिली की स्वतःला तपकिरी बाहुलीसारखी मानणारी मुले पसंती विचारल्यावरही तीच बाहुली निवडू लागत.

मेमी फिप्स क्लार्क व त्यांचे पती केनेथ यांचा हा प्रयोग १९४७ साली प्रसिद्ध झाला. २५३ मुलांपैकी ६७ टक्क्यांनी खेळायला गोरी बाहुली निवडली. ५९ टक्क्यांना तपकिरी बाहुली ‘वाईट’ वाटली. आणि ‘तुझ्यासारखी’ म्हणताच ६६ टक्क्यांनी तपकिरीच उचलली! ही उत्तरे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत.

एवढे बहुतेक पुस्तकांत असते. पुढचे क्वचितच सांगितले जाते. यांतली १३४ मुले दक्षिणेकडील आर्कान्सामधली होती. तेथे कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या. बाकीची ११९ उत्तरेतील स्प्रिंगफील्डच्या मिश्र शाळांतली. वेगळ्या शाळेतल्या मुलांना गोरी बाहुली जास्त आवडेल, असे आपल्याला वाटते. आकडे मात्र उलटे आले: दक्षिणेत ६२ टक्के, उत्तरेत ७२. वेगळ्या शाळांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात उभे असलेले वकील जॉन डेव्हिस यांनी नेमके यावरच बोट ठेवले.

आम्हांला वाटते, डेव्हिस यांचा आक्षेप पोकळ नव्हता. बाहुल्यांनी मोजला तो समाजाने रंगाला लावलेला भाव. त्यात शाळेचा वाटा किती, हे त्यातून वेगळे काढता येत नाही. पण मिश्र शाळेतही तो भाव पोचतो, ही गोष्ट वेगळ्या शाळांचे समर्थन कशी ठरेल?

१७ मे १९५४ रोजी न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णभेद एकमताने घटनाबाह्य ठरवला. निकालाच्या अकराव्या तळटीपेत पहिले नाव केनेथ यांचे आहे. मेमी यांचे नाही. वास्तविक या कामाचे मूळ मेमी यांच्या हॉवर्ड विद्यापीठातील १९३९ च्या प्रबंधात आहे. त्यांचे पीएच.डी.चे मार्गदर्शक हेन्री गॅरेट १९५२ साली व्हर्जिनियातील खटल्यात वेगळ्या शाळांच्या बाजूने साक्षीला आले, तेव्हा त्यांना उत्तर द्यायला मेमीच उभ्या राहिल्या.

त्यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात मुलांसाठी मानसशास्त्रीय केंद्र काढले व १९७९ पर्यंत चालवले. शाळेने ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्या मुलांना घेऊन पालक तेथे येत. केंद्र त्या मुलांची चाचणी पुन्हा घेई. बऱ्याच जणांच्या बाबतीत शाळेचाच शिक्का चुकीचा निघे.