झीज सोसणारं कवच

२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या आकाशात जळत्या रेषा सरकताना दिसल्या आणि लोक म्हणाले, उल्का! पुढे चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं मोठं कडं सापडलं. ते चिनी रॉकेटच्या टप्प्याचं असावं, असं अभ्यासकांनी सांगितलं. तरी लोकांच्या तोंडचा शब्द मला चुकीचा वाटत नाही. ‘उल्का’ची व्युत्पत्ती परंपरेने ‘उष्’ म्हणजे जाळणे या धातूपासून देतात. संस्कृतात तिचा अर्थ चूड, पेटतं कोलीत असाही आहे. वस्तू दगडाची की माणसाने घडवलेली, याच्याशी या शब्दाला देणंघेणं नाही. ग्रीक मुळाचा ‘मीटिऑर’ तर नुसता ‘उंचावरचा’ एवढंच सांगतो.

घोळ घातलाय तो ‘घर्षणा’ने. पृथ्वीवर परतणारं यान हवेशी घासून तापतं, हे आपण शाळेपासून घोकतो. मूळ ‘घृष्’, ‘घासणे’ही त्याच कुळातलं. पण सेकंदाला जवळपास ८ किलोमीटर वेगाने यान खाली येतं, तेव्हा समोरच्या हवेला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही. ती चेपली जाते, आघात-लाट उभी राहते आणि हवा हजारो अंशांनी तापते. सायकलचा पंप भराभर मारला की नळी तापते, तसंच. घर्षणाचा वाटा असतो, पण थोडा. म्हणून तर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ज्युलियन ॲलन यांनी टोकदार नाक सोडून बोथट आकार सुचवला. बोथट तोंडापुढे ही लाट अंतर राखून राहते आणि बरीचशी उष्णता हवेतच जाते. बुद्धी किंवा संवेदना बोथट झाली की आपण हळहळतो; इथे बोथटपणानेच अंतराळवीर वाचतात.

उरलेली उष्णता कवचाला झेलावी लागते. चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानाच्या कवचात मधमाशीच्या पोळ्यासारखी ३ लाखांहून जास्त घरं होती आणि प्रत्येकात हाताने राळ भरलेली. परतताना ही राळ कोळपायची, उडून जायची आणि उष्णता सोबत न्यायची. याला इंग्रजीत ‘ॲब्लेशन’ म्हणतात; तो शब्द लॅटिनमधल्या ‘वाहून नेणे’वरून आला. मराठीत मला इथे ‘झीज’ हाच शब्द नेमका वाटतो. सहाणेवरच्या चंदनामुळे आपण झिजण्याचा संबंध घासण्याशी लावतो, पण ‘झिजणे’ आलं संस्कृत ‘क्षीयते’, प्राकृत ‘झिज्जइ’ या वाटेने. त्याच्या मुळात आहे कमी होत जाणं. शिवाय ‘झीज सोसणे’ हा प्रयोग आपल्याकडे तयारच आहे. पाठ्यपुस्तकांनी कवचापुरता तो घ्यावा आणि ‘हवेच्या घर्षणाने’ खोडून ‘हवा चेपली गेल्याने’ असं सरळ लिहावं.