साया नव्हे, अडलेला शब्द

स्वमग्न मूल वयात आलं, डोकं आपटू लागलं, चावू लागलं, की आमच्या मूलकडे अजूनही 'साया' झाल्याचं सांगणारा कुणी ना कुणी भेटतोच. हा प्रकार एकट्या आपल्या समाजाचा नाही.

अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांवरून स्वमग्नतेची नोंद केली. पुढे कित्येक वर्षं डॉक्टरांनी दोष आईच्या मायेला दिला. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड यांनी तो खोडला. १९८५ मध्ये कार आणि ड्युरँड यांनी दाखवलं, की अशा वागण्यामागे 'मदत करा', 'लक्ष द्या' अशी मागणी असू शकते. ती सांगायचं साधन मुलांच्या हाती दिलं, आणि त्रागा कमी झाला.

आपल्याकडे १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नता नव्हतीच. ती आली १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि २०१६ च्या कायद्यातल्या २१ अपंगत्वांत. दरम्यान, ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून गेले. स्वमग्नता मनोरोग नव्हे. पण बांधणारी समजूत तीच आहे.

दुआ जरूर मागावी. सोबत मुलाच्या हाती चार चित्रं द्यावीत: पाणी, दुखतंय, आवाज नको, थांबा.