अमेरिकेत शिकणाऱ्या माजी सैनिकाला घरभाड्याचे किती पैसे मिळतात? हिशोब असा करतात

लष्करातून बाहेर पडलेल्या अमेरिकी तरुणाने कॉलेजात प्रवेश घेतला की त्याची फी सरकार भरतं, हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पण त्याच योजनेत दर महिन्याला घरभाड्यासाठीही पैसे मिळतात आणि खरा गोंधळ तिथेच होतो. कुणीतरी सोशल मीडियावर लिहितं, 'मला महिन्याला तीन हजार डॉलर येतात.' ते वाचून दुसरा तेवढ्या भाड्याचा फ्लॅट घेतो, वर्षभराचा करार करतो, आणि त्याच्या खात्यात येतात तेराशे. दोन्ही आकडे बरोबर असू शकतात.

ग्रीन कार्ड असलेल्यांनाही अमेरिकी लष्करात भरती होता येतं. त्यामुळे तिकडे स्थायिक झालेल्या भारतीय घरांतल्या मुलांवरही हा हिशोब करायची वेळ येऊ शकते.

ही योजना म्हणजे 'पोस्ट ९/११ जीआय बिल'. मूळ जीआय बिलावर अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी २२ जून १९४४ रोजी सही केली होती. तेव्हा शिकणाऱ्या एकट्या सैनिकाला महिन्याला ५० डॉलर आणि कुटुंब असलेल्याला ७५ डॉलर निर्वाहभत्ता मिळायचा, मग तो न्यूयॉर्कमध्ये शिको की एखाद्या खेड्यात. आजचा कायदा २००८ चा, तो १ ऑगस्ट २००९ पासून लागू झाला. आता पैसे गावानुसार बदलतात.

पहिला आकडा: कॅम्पसचा झिप कोड

लष्करात नोकरीवर असलेल्यांना 'बीएएच' नावाचा घरभाडे भत्ता मिळतो. तो हुद्दा, कुटुंब आणि ठिकाण पाहून ठरतो. विद्यार्थ्यांसाठी यातला एकच दर उचलला आहे: 'ई-५' हुद्द्याच्या, म्हणजे साधारण सार्जंट दर्जाच्या, कुटुंब असलेल्या सैनिकाचा. तुम्ही कॅप्टन म्हणून निवृत्त झालात की साधे शिपाई म्हणून, लग्न झालंय की नाही, याने काही फरक पडत नाही.

झिप कोड (आपल्याकडचा पिनकोड समजा) तुमच्या घराचा नाही, तर जिथे जास्तीत जास्त वर्गांना प्रत्यक्ष बसता त्या कॅम्पसचा धरतात. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॉलेजात शिकून तासभर लांबच्या स्वस्त गावात राहिलात तरी दर सॅन फ्रान्सिस्कोचाच.

पूर्वी विद्यापीठाच्या मुख्य कॅम्पसचा पत्ता चालायचा. २०१७ च्या 'फॉरेव्हर जीआय बिल'ने तो नियम बदलला, पण सरकारी संगणक यंत्रणेला हा बदल झेपलाच नाही. २०१८ च्या शेवटच्या महिन्यांत हजारो विद्यार्थ्यांचे घरभाड्याचे पैसे रखडले आणि नव्या नियमाची अंमलबजावणी डिसेंबर २०१९ पर्यंत पुढे ढकलावी लागली. घरमालक मात्र महिन्याच्या महिन्याला भाडं मागतच होते.

दुसरा आणि तिसरा: किती शिकता, किती सेवा केली

पूर्णवेळच्या तुलनेत तुम्ही किती अभ्यासक्रम घेतलाय, हे टक्क्यांत मोजतात आणि जवळच्या दहाच्या पटीत नेतात. पूर्णवेळ म्हणजे १२ क्रेडिट असतील आणि तुम्ही ९ घेतले, तर ७५ टक्के होतात आणि ते ८० धरतात. ७ क्रेडिटला ५८ टक्के, म्हणून ६०. पण ६ क्रेडिट म्हणजे बरोबर ५० टक्के, आणि भत्त्यासाठी ५० पेक्षा जास्त हवेत. त्यामुळे शून्य. एका क्रेडिटमुळे अख्खं घरभाडं जातं, हे अनेकांना प्रवेश झाल्यावर कळतं. पदवीसाठी आवश्यक नसलेला, हौसेने घेतलेला विषय यात मोजत नाहीत.

त्यानंतर येते सेवा. ११ सप्टेंबर २००१ नंतर एकूण ३६ महिने सेवा केली असेल तर १०० टक्के लाभ मिळतो. ३० महिन्यांना ९०, २४ ला ८०, १८ ला ७०, ६ महिन्यांना ६० आणि किमान ९० दिवसांना ५० टक्के. 'पर्पल हार्ट' मिळालेल्या जखमी सैनिकांना मात्र थेट १०० टक्के.

आता गुणाकार करू. समजा कॅम्पसचा दर २,४०० डॉलर आहे, क्रेडिट १२ पैकी ९ आणि सेवा २० महिन्यांची. २,४०० चे ८० टक्के म्हणजे १,९२०. त्याचे ७० टक्के म्हणजे १,३४४ डॉलर. याच कॅम्पसवर पूर्णवेळ शिकणाऱ्या आणि ३६ महिने सेवा झालेल्या मित्राला पूर्ण २,४०० मिळतील.

ऑनलाइन शिकत असाल तर

सगळे वर्ग ऑनलाइन असतील तर झिप कोड बाद. तेव्हा देशभरच्या सरासरी दराच्या निम्मी रक्कम आधार धरतात, ती अलीकडच्या वर्षांत अकराशे डॉलरच्या आसपास आहे. पण पदवीत मोजला जाणारा एक जरी वर्ग प्रत्यक्ष कॅम्पसवर असला, तरी स्थानिक दर लागतो. म्हणूनच जाणकार सिनियर सांगतात, चार विषय ऑनलाइन घ्या, पण एक कॅम्पसवर ठेवा. स्वतः अजून लष्करात नोकरीवर असलेल्यांना हा भत्ता नाही, आणि नोकरीवरच्या सैनिकाचा लाभ वापरून शिकणाऱ्या जोडीदारालाही नाही.

वार्षिक बजेट करताना लोक मासिक रक्कम बारा वेळा धरतात, तिथे फसतात. दोन सत्रांमधल्या सुट्टीचे पैसे मिळत नाहीत. वर्ग २५ ऑगस्टला सुरू झाले तर ऑगस्टचे फक्त त्या काही दिवसांचे पैसे. वरच्या उदाहरणात सुमारे तीनशे डॉलर. शिवाय पैसे महिना संपल्यावर येतात, म्हणजे सप्टेंबरचा भत्ता ऑक्टोबरमध्ये. घराचं डिपॉझिट आणि पहिल्या दोन महिन्यांचं भाडं खिशातूनच जाणार, असं धरून चाला.

सत्राच्या मध्येच विषय सोडला, तर जास्त मिळालेले पैसे सरकार वसूल करू शकतं. आणि दर महिन्याला 'मी अजून शिकतोय' अशी खातरजमा मेसेज किंवा ईमेलवरून करावी लागते. सलग दोन महिने विसरलात तर भत्ता थांबतो.

नवे दर दरवर्षी १ ऑगस्टला लागू होतात. आपल्या कॉलेजचा दर माजी सैनिक खात्याच्या वेबसाइटवरच्या 'जीआय बिल कम्पॅरिझन टूल'मध्ये दिसतो. घराचा करार करण्याआधी तिथे कॅम्पसचं नाव टाकून बघा, विद्यापीठाचं नाही.