मापाचे ऐक्य आणि निवडीचे स्वातंत्र्य

दक्षिण सोलापूर तालुक्यातील होटगी हे गाव रेल्वेच्या नकाशावर ठळक अक्षरांत आले, ते दोन असमान रुळांची गाठ तेथे पडली म्हणून. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा पाच फूट सहा इंच रुंदीचा मार्ग 1860 मध्ये सोलापूरपर्यंत पोहोचला आणि 1871 मध्ये रायचूरला जाऊन मद्रास इलाख्यातील रेल्वेस मिळाला. पुढे 1876 ते 1878 या काळातील भीषण दुष्काळाने विजापूर-धारवाडचा मुलूख उद्ध्वस्त झाल्यावर, धान्य त्वरेने पोहोचावे या हेतूनेही ज्या सदर्न मराठा रेल्वेची 1882 मध्ये स्थापना झाली, तिने गदगहून विजापूरमार्गे होटगीपर्यंत मार्ग आणला, परंतु खर्चाच्या काटकसरीसाठी तो एक मीटर रुंदीचा, म्हणजे तीन फूट तीन इंचांहून किंचित अधिक एवढाच ठेवला. परिणाम असा झाला की, विजापूरकडून मुंबईस निघालेले प्रत्येक पोते होटगीला एका डब्यातून उतरवून हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या डब्यात चढवावे लागे. वेळ जाई, हमाली वाढे, मालाची नासधूस होई. आणि ही तसदी शंभराहून अधिक वर्षे चालली. 1992 मध्ये रेल्वेने देशभर एकच माप करण्याची योजना हाती घेतली, तेव्हा कोठे पुढील काळात टप्प्याटप्प्याने हा मार्गही रुंद झाला.

या इतिहासाचे स्मरण येथे करण्याचे कारण असे की, आज होटगीतील एखादा विद्यार्थी वा दुकानदार सोलापुरात जाऊन नव्या संगणकाचे भाग निवडतो, एका कंपनीचा प्रोसेसर, दुसरीचा मदरबोर्ड, तिसरीची रॅम, चौथीचा वीजपुरवठा करणारा एसएमपीएस आणि पाचवीचे कॅबिनेट घेतो, आणि एका दुपारी ते सारे निमूटपणे एकमेकांत बसतात, तेव्हा त्या सुलभतेमागेही मापांच्या ऐक्याचा असाच एक दीर्घ आणि कष्टाने मिळविलेला इतिहास उभा असतो. ज्याला आपण असेंबल्ड संगणक म्हणतो, त्याचा जन्म स्वस्ताईतून झाला अशी सर्वसाधारण समजूत आहे. माझ्या मते तो सामायिक मापांतून झाला, आणि स्वस्ताई हे त्याचे केवळ फळ होय.

आरंभी ग्राहकास निवड अशी नव्हतीच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 मध्ये कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा शास्त्रज्ञांनी स्वतः घडविलेला संगणक होता; इतर कचेऱ्यांतून आलेली मोठी यंत्रे बहुधा परदेशी कंपन्यांची असत आणि त्यांचा प्रत्येक भाग, त्याची दुरुस्ती आणि त्याचे मोल सर्वस्वी त्या कंपनीच्या स्वाधीन असे. आयबीएमने 1978 मध्ये हिंदुस्थानातील कारभार गुंडाळला, त्यानंतर एचसीएल, विप्रो यांसारख्या देशी कंपन्या पुढे आल्या. परंतु यंत्र संपूर्णच विकत घ्यायचे ही रीत कायम राहिली.

रीत मोडली ती ऑगस्ट 1981 मध्ये, आणि तीही त्याच आयबीएमच्या हातून. बाजारात लौकर उतरण्याच्या घाईत त्या कंपनीने आपला वैयक्तिक संगणक इतरांच्या सुट्या भागांतून जुळविला, त्यात इंटेलचा 8088 प्रोसेसर घातला, मदरबोर्डावर जादा कार्डांसाठी खाचा मोकळ्या ठेवल्या आणि अंतर्गत रचनेचे आराखडे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. कॉम्पॅक आदी कंपन्यांनी तत्सम यंत्रे काढली. तैवानातील कारखान्यांनी सुटे भाग मुबलक केले. आणि 1995 मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप जाहीर केल्यावर मदरबोर्डाच्या स्क्रूंची छिद्रे, एसएमपीएसचा आकार आणि त्याच्या वायरींची जोडणी यांबद्दल जणू जगभर एक करार झाला. त्या कराराचा अंमल आजही आहे.

आपल्याकडे या परिवर्तनाचे पडसाद जरा उशिरा उमटले, कारण आयातशुल्क जबर होते आणि परवान्यांचे दप्तर जाड होते. नोव्हेंबर 1984 च्या संगणक धोरणाने ही बंधने प्रथम सैल केली, 1991 नंतरच्या आर्थिक धोरणाने ती आणखी उतरली, आणि 1997 मध्ये भारत माहिती-तंत्रज्ञानविषयक जागतिक करारात सामील झाल्यावर बहुतेक भागांवरील शुल्क 2005 पर्यंत टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. मुंबईतील लॅमिंग्टन रोड, ज्याचे आजचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, तेथे पूर्वी रेडिओचे सुटे भाग मिळत. त्याच पेठेत आता मदरबोर्ड आणि हार्डडिस्क मांडल्या जाऊ लागल्या. सोलापूरसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणचा व्यापारी रात्रीच्या गाडीने निघून सकाळी मुंबईत उतरे, भाग पारखून घेई आणि गावी परतून ते जुळवून देई. कंपनीच्या तयार यंत्राहून असे यंत्र स्वस्त पडे; त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते जिल्ह्यातच दुरुस्त होई.

या खुल्या रचनेने मराठी भाषेवरही मोठे उपकार केले आहेत. डॉसच्या काळात संगणकाच्या पडद्यावर देवनागरी उमटत नसे. कानपूरच्या आयआयटीत आरंभ झालेले जिस्ट तंत्रज्ञान पुण्याच्या सी-डॅकने 1988 नंतर पुढे नेले आणि ते एका कार्डाच्या रूपाने बाजारात आणले. मदरबोर्डाच्या मोकळ्या खाचेत ते बसविले की मराठी अक्षरे पडद्यावर दिसू लागत. ती खाच जर कंपनीने बंद ठेवली असती, तर आपल्या लिपीसाठी आपल्याला परक्या कारखानदारापुढे अर्ज घेऊन तिष्ठावे लागले असते. सुट्या भागाचे मोल भाषेच्या हिताशी किती निगडित असू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

तथापि मापांचे हे ऐक्य अबाधित राहिले नाही. 1995 च्या सुमारास प्रचारात आलेल्या सॉकेट 7 या बैठकीत इंटेल, एएमडी आणि सायरिक्स या तिघांचेही प्रोसेसर बसत, त्यामुळे ग्राहक आज एक घेऊन पुढे दुसरा बसवू शके. 1997 मध्ये इंटेलने पेंटियम 2 साठी स्लॉट 1 ही स्वतःची वेगळी, पेटंटने संरक्षित बैठक आणली, एएमडीने 1999 मध्ये स्लॉट ए काढला, आणि तेव्हापासून दोन घराण्यांचे रूळ निराळे झाले. म्हणून आजही भाग निवडताना पहिला निर्णय प्रोसेसरचा करावा लागतो व मदरबोर्ड त्यास अनुरूप घ्यावा लागतो. एएमडीने 2016 मध्ये आणलेली एएम4 ही बैठक अनेक पिढ्या टिकविली, त्यामुळे जुन्या मदरबोर्डावर नवा प्रोसेसर बसविण्याची सोय लाखो लोकांना लाभली. अशी स्थिरता हा ग्राहकाचा खरा लाभ आहे. रॅमच्या बाबतीत डीडीआर4 आणि डीडीआर5 यांच्या खाचा मुद्दाम भिन्न जागी ठेवल्या आहेत, जेणेकरून चुकीची पट्टी बसूच नये.

या व्यापाराने संकटेही पाहिली. या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत सदोष कॅपॅसिटर फुगून असंख्य मदरबोर्ड निकामी झाले. 2011 मध्ये थायलंडातील महापुराने कारखाने बुडाले आणि हार्डडिस्कचे भाव जगभर कडाडले. पुढे आभासी चलनाच्या हव्यासाने ग्राफिक्स कार्डे दुर्मीळ झाली. दूरच्या देशातील पुराचा हिशेब सोलापूरच्या गिऱ्हाइकास चुकवावा लागतो, हे त्या काळी अनेकांना प्रथमच उमगले. परंतु अशा प्रसंगीही ज्याचे यंत्र सामायिक मापाचे होते, त्याला एका कंपनीचा भाग न मिळाल्यास दुसरीचा घेऊन काम भागविता आले.

होटगीसारख्या ठिकाणी निवडीला स्थानिक हवामानाचाही विचार जोडावा लागतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या वर सहज जातो, धूळ असते, विजेचा दाब कमीजास्त होतो. म्हणून अनुभवी जुळणीकार प्रथम काम विचारतो: हिशेब ठेवायचा, चित्रे संपादित करायची की अभियांत्रिकीचे आराखडे काढायचे, त्यावरून प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम ठरवितो, साठवणीसाठी एसएसडी सुचवितो, आणि मग एसएमपीएसवर पैसे वाचवू नका असे निक्षून सांगतो, कारण स्वस्त एसएमपीएसवर छापलेले वॅट प्रत्यक्षात मिळतीलच असे नाही आणि तो बिघडताना इतर भागांनाही सोबत नेऊ शकतो. 2004 पासून प्रचारात असलेले 80 प्लस हे एसएमपीएसच्या कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र पाहावे, कॅबिनेटात हवा खेळती ठेवावी, आणि यूपीएस अवश्य घ्यावा, हे त्याचे म्हणणे शास्त्रास धरून आहे.

अलीकडे मात्र रॅम मदरबोर्डावरच डाखून टाकण्याची आणि भाग बदलताच येऊ नये अशी यंत्रे घडविण्याची प्रवृत्ती वाढते आहे. यंत्र सडपातळ होते हे खरे. पण एक भाग बिघडला की संपूर्ण यंत्र टाकावे लागते, आणि त्याचा भार ग्राहकाच्या खिशावर व कचऱ्याच्या डोंगरावर पडतो. म्हणून माझी विनंती अशी की, ज्या शाळा, ग्रामपंचायती आणि सहकारी पतसंस्था संगणकाची खरेदी करतात, त्यांनी निविदेतच सामायिक मापाचे, बदलता येणारे भाग मागावेत. आणि घरासाठी यंत्र घेणाऱ्याने भागांची यादी स्वतः करावी, प्रत्येक भागाचे बिल व हमीपत्र जपावे आणि जुळणी आपल्या डोळ्यांदेखत करून घ्यावी. निवडीचे हे स्वातंत्र्य आपल्याला फुकट मिळालेले नाही, आणि ते वापरल्याशिवाय टिकणारही नाही.