सागरी भूशास्त्र आणि भूभौतिकीत पीएचडी: लोणी काळभोरहून समुद्रतळापर्यंत कसं पोहोचायचं?

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या लोणी काळभोरपासून समुद्र सरळ रेषेत शंभरावर किलोमीटर लांब आहे, आणि मध्ये अख्खा सह्याद्री उभा आहे. तरीही समुद्रतळाच्या अभ्यासाशी या गावाचा रोजचा संबंध येतो. मुंबईहून पाइपलाइनने येणारं पेट्रोल-डिझेल लोणीच्या टाक्यांमध्ये उतरतं आणि तिथून टँकरने पुढे जातं. मुंबईच्या रिफायनऱ्यांना कच्चं तेल पुरवणारं 'मुंबई हाय' हे क्षेत्र सापडलं ते समुद्राच्या तळाखाली पाठवलेल्या ध्वनिलहरींमुळे. १९६४ ते १९६७ या काळात 'अकादमिक अर्खांगेल्स्की' या सोव्हिएत जहाजावरून खंभातच्या आखाताच्या परिसरात भूकंपीय सर्वेक्षण झालं आणि १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या रिगने तिथे तेल शोधलं. या विद्येचं नाव सागरी भूभौतिकी. तळावरचा गाळ, खडक आणि त्यांचा इतिहास वाचणारी तिची जोडीदार म्हणजे सागरी भूशास्त्र.

आधी एक गोंधळ मिटवू

लोणी काळभोरला, राज कपूर यांच्या जुन्या राजबागेत, एमआयटी-एडीटी विद्यापीठाचा परिसर आहे. तिथे 'मॅनेट' ही सागरी प्रशिक्षणाची अकादमी आहे. त्यामुळे आसपासच्या मुलांना 'मरीन' म्हटलं की मर्चंट नेव्ही आठवते. ते शिक्षण जहाज चालवण्याचं आणि त्याचं इंजिन सांभाळण्याचं. आपण ज्या पीएचडीबद्दल बोलतोय, त्यात जहाज हे फक्त वाहन असतं. खरा विषय जहाजाखालच्या पाण्याच्याही खाली असतो.

नावाची आणखी एक गंमत आहे. अमेरिकेत वुड्स होल ही समुद्रविज्ञान संस्था आणि एमआयटी मिळून १९६८ पासून पीएचडीचा संयुक्त कार्यक्रम चालवतात आणि सागरी भूशास्त्र व भूभौतिकी ही त्यातली एक मुख्य शाखा आहे. पण ती एमआयटी मॅसॅच्युसेट्सची, आपली महाराष्ट्राची. गुगल करताना दोन्ही एकत्र येतात, तेवढं लक्षात ठेवा.

संशोधन म्हणजे नेमकं काय करायचं?

विजयदुर्गहून जवळपास सरळ पश्चिमेला ४७५ किलोमीटर गेलात, तर तुम्ही लक्ष्मी खोऱ्यावर असाल. पाणी ३,६४० मीटर खोल. जहाजावरून सोडलेला आवाज पाण्यात सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो, म्हणजे प्रतिध्वनी परत यायला पाच सेकंद लागतात. असे लाखो प्रतिध्वनी जोडून तळाचा नकाशा बनतो. जगाच्या समुद्रतळाचा आधुनिक दर्जाचा नकाशा अजून चतुर्थांशाच्या थोडाच पुढे गेलाय. बाकीचा तळ उपग्रहाच्या मोजमापांवरून बांधलेल्या अंदाजाने भरलेला आहे.

या खोऱ्याच्या तळाशी ज्वालामुखींचे तीन बुडालेले डोंगर आहेत. त्यांना रामन, पणिक्कर आणि वाडिया अशी नावं दिली आहेत. पणिक्कर म्हणजे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक, वाडिया म्हणजे भूशास्त्रज्ञ दा. नो. वाडिया. आता मूळ प्रश्न: या खोऱ्याखालचं कवच खंडाचं, की महासागराचं? १९८२ मध्ये नैनी आणि तलवानी यांनी मांडलं की ते खंडाचं, ताणून पातळ झालेलं आहे. १९९४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी तिथे चुंबकीय पट्टे दाखवले. लाव्हा थंड होताना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची त्या वेळची दिशा खडकात कायमची नोंदवली जाते आणि हे क्षेत्र अधूनमधून उलटं होतं. त्यामुळे नवा तळ तयार होत असताना उलटसुलट पट्टे उमटतात. असे पट्टे असतील, तर ते कवच महासागरी असायला हवं.

हा वाद खुर्चीत बसून सुटणार नव्हता. २०१५ च्या एप्रिल-मे महिन्यात 'जॉइडीज रिझोल्यूशन' हे खोदकाम करणारं जहाज तिथे गेलं. मोहिमेच्या दोन प्रमुख शास्त्रज्ञांपैकी एक होते गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्राचे धनंजय पांडे. एका विहिरीत सुमारे १,१०० मीटर गाळ भेदून खालचा बेसाल्ट हाती लागला. त्या बेसाल्टचा अर्थ काय, यावर आजही वेगवेगळे शोधनिबंध येतात. वाटेत आणखी एक गोष्ट सापडली. सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी भारताच्या पश्चिम उतारावरून कोसळलेल्या प्रचंड दरडीचा ढिगारा. 'नटराज' दरड. तिचं आकारमान सुमारे १९,००० घन किलोमीटर असल्याचा अंदाज आहे.

म्हणजे पीएचडीचा विषय असा एखाद्या वादातून, एखाद्या ढिगाऱ्यातून निघतो. काही विषय तर थेट किनाऱ्यावरच्या माणसांशी जोडलेले आहेत. २८ नोव्हेंबर १९४५ ला मकरानजवळच्या भूकंपाने उठलेली त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती आणि तिने बळी घेतले होते. अशा लाटा त्याआधी किती वेळा आल्या, याचा पुरावा शोधायचा तर किनाऱ्यालगतचे गाळाचे थर वाचावे लागतात.

रस्ता कुठून सुरू होतो?

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित पक्कं हवं. भूभौतिकीसाठी याला पर्याय नाही. भूशास्त्राच्या बाजूला रसायनशास्त्र जास्त कामी येतं. पुण्यात फर्ग्युसनला भूशास्त्र विभाग आहे, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एमएस्सी करता येतं. 'जॅम' परीक्षेतून आयआयटी मुंबईच्या भूविज्ञान विभागाकडे जाता येतं. थेट सागरी नावाचीच पदवी हवी असेल, तर कोचीच्या 'कुसॅट' विद्यापीठात सागरी भूशास्त्र आणि सागरी भूभौतिकी या दोन्हींचं एमएस्सी आहे. पण तेच हवं असं नाही. साधं भूशास्त्र किंवा भौतिकशास्त्र करून आलेला विद्यार्थी समुद्राचा भाग नंतर शिकतो.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीसाठी एमएस्सीला किमान ५५ टक्के लागतात. चार वर्षांची पदवी असेल, तर ७५ टक्क्यांवर थेट प्रवेश मागता येतो. राखीव प्रवर्गांना सवलत आहे. परीक्षा मुख्यतः दोन: सीएसआयआर-नेटचा भूविज्ञान, वातावरण, समुद्र व ग्रहविज्ञान हा पेपर आणि 'गेट'चा भूशास्त्र व भूभौतिकी पेपर. 'गेट'मध्ये एक भाग सगळ्यांना समान असतो आणि दुसऱ्यात भूशास्त्र किंवा भूभौतिकी निवडायची असते. जेआरएफ मिळाली तर तिचं महत्त्व फार, कारण मग तुमचा पगार तुम्हीच बरोबर घेऊन येता आणि गाइडला प्रकल्पातून पैसे शोधावे लागत नाहीत.

महाराष्ट्र-गोव्यात कुठे?

पहिलं नाव दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर, १ जानेवारी १९६६ ला ती सुरू झाली. तिच्याच 'गवेषणी' जहाजाने २६ जानेवारी १९८१ ला हिंदी महासागराच्या तळावरून बहुधातू गोटे वर काढले. दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढणारे हे गोटे आज भारताच्या खोल समुद्र मोहिमेचं एक कारण आहेत. इथली पीएचडी 'एसीएसआयआर' या अकादमीमार्फत मिळते. दुसरं ठिकाण वास्कोचं ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र. गोवा विद्यापीठही आहे.

पुणेकरांच्या सहसा लक्षात न येणारं तिसरं ठिकाण म्हणजे नवीन पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था. तिची मुळं कुलाब्याच्या वेधशाळेत आहेत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय मोजमापं अलिबागला हलवावी लागली आणि १९०४ पासून तिथे ती घेतली जातात. वर सांगितलेले चुंबकीय पट्टे वाचण्याचं काम या संस्थेत होतं, आणि लोणीहून ती गोव्यापेक्षा कितीतरी जवळ आहे.

पैसा, वेळ आणि नोकरी

१ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर एसआरएफ ४२,००० रुपये आहे. घरभाडं वेगळं. नियमाने पीएचडीची मुदत किमान तीन, कमाल सहा वर्षं. महिलांना दोन वर्षांची जादा सवलत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती रजा आहे. प्रत्यक्षात पाच वर्षं धरून चाला. त्यात जहाजावरचे दिवस मोजकेच. बाकी सगळा वेळ संगणकासमोर, नाहीतर सूक्ष्मदर्शकाखाली गाळातले बारीक शंख वेचण्यात जातो. समुद्राची हौस म्हणून येणाऱ्यांचा इथेच हिरमोड होतो.

आणि नोकरी? ओएनजीसीत भूशास्त्रज्ञ किंवा भूभौतिकीतज्ज्ञ म्हणून जायचं असेल, तर एमएस्सीवर जाता येतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून, तीही एमएस्सीवर. तेवढंच ध्येय असेल तर पीएचडी करू नका, पाच वर्षं वाचवा. पीएचडी लागते ती संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ किंवा विद्यापीठात प्राध्यापक व्हायला, आणि त्या जागा थोड्या असतात. घरच्यांशी बोलताना हे आधीच सांगितलेलं बरं.

परदेशाचा पर्याय खुला आहे. अमेरिकेत चांगल्या कार्यक्रमांत बहुधा फी माफ असते, वर विद्यावेतन मिळतं आणि पदवीनंतरही अर्ज करता येतो. जर्मनीत कील आणि ब्रेमेन ही या विषयाची मोठी केंद्रं. नागपुरात जन्मलेल्या, पुण्यात बीएस्सी केलेल्या अदिती पंत हवाई आणि लंडनला शिकून गोव्याच्या संस्थेत आल्या, आणि १९८३-८४ च्या मोहिमेत भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकाला पोहोचलेल्या पहिल्या महिला ठरल्या. पंत यांचा विषय समुद्रातलं जीवन, भूशास्त्र नव्हे. पण पुण्याहून निघून समुद्रविज्ञानात जायचा रस्ता त्यांनी तेव्हा काढला होता.

गाइड निवडताना

संस्थेच्या नावापेक्षा गाइड महत्त्वाचा. त्यांचे शेवटचे तीन शोधनिबंध वाचा, त्यांचे आधीचे विद्यार्थी किती वर्षांत सुटले ते त्या विद्यार्थ्यांनाच विचारा. आणि एक प्रश्न नक्की विचारा: माझ्या विषयाचा डेटा आज हातात आहे, की जहाज मिळाल्यावर येणार आहे? मोहीम पुढे ढकलली गेली, तर तुमची पीएचडीही पुढे जाते.

ईमेल पाठवण्याआधी घरबसल्या करण्यासारखं काम आहे. 'जेबको'चा समुद्रतळाचा नकाशा आणि 'जिओमॅपअॅप' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. २०१५ च्या त्या मोहिमेचे अहवाल आणि मोजमापंही सगळ्यांना खुली आहेत. गाळाचे मूळ नमुने जपानच्या कोची शहरात जपून ठेवलेत आणि संशोधनासाठी रीतसर अर्ज करून मागता येतात. नकाशा उघडा, विजयदुर्गवर बोट ठेवा आणि पश्चिमेला सरकत जा. उथळ किनारपट्टी संपते, उतार लागतो, मग लक्ष्मी खोरं. तिथे वाडियांच्या नावाचा डोंगर सापडतो का, बघा.