ब्योबू

जपानमधील चित्रांकित घडीचे पडदे. ‘ब्योबू’ या संज्ञेचा शब्दशः अर्थ ‘वाऱ्यापासूनचा आडोसा’ असा आहे. वारा अडविणे, दालनाचे विभाग पाडणे आणि समारंभास पार्श्वभूमी पुरविणे, ही या पडद्यांची मूळ कार्ये होत. कालांतराने ते जपानी चित्रकलेचे एक प्रमुख माध्यम ठरले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मात्र असे अनेक पडदे सपाट उलगडून भिंतीवर लावण्यात येऊ लागले. या स्थित्यंतरामुळे कित्येक कृतींना नवे आश्रयदाते लाभले; तथापि त्यांच्या मूळ दृश्यानुभवाचा महत्त्वाचा अंश लोपला.

हा प्रकार मूळचा चीनमधील. कोरियातील सिल्ला राज्याकडून इ. स. ६८६ मध्ये जपानी दरबारास पडदे भेट मिळाल्याची नोंद निहोन शोकी या इतिवृत्तात आढळते. सम्राट शोमूच्या निधनानंतर ७५६ मध्ये नारा येथील तोदाइजी मंदिरास अर्पण केलेल्या वस्तूंच्या यादीत १०० पडद्यांचा उल्लेख आहे. आरंभीच्या पडद्यांत प्रत्येक फलकाला स्वतंत्र चौकट असे व फलक दोऱ्यांनी वा चामडी पट्ट्यांनी जोडलेले असत. सु. चौदाव्या शतकात कागदी बिजागऱ्या प्रचारात आल्या. त्यामुळे फलकांमधील अंतर नाहीसे होऊन संपूर्ण पडद्यावर एकसंध चित्र रंगविणे शक्य झाले. लाकडी जाळीच्या सांगाड्यावर कागदाचे अनेक थर चिकटवून फलक तयार करीत. त्यामुळे मोठा पडदाही वजनाने हलका राही. सहा फलकांच्या दोन पडद्यांची जोडी हा रूढ प्रकार होय.

पडदा नागमोडी उभा केला जाई आणि जमिनीवर बसलेला प्रेक्षक तो उजवीकडून डावीकडे पाही. घड्यांमुळे काही भाग पुढे येत, काही मागे सरत. बाजूने येणाऱ्या मंद प्रकाशात सोनेरी वर्खाची छटा फलकागणिक बदले. चित्रकार हा परिणाम गृहीत धरूनच रचना करी. पडदा भिंतीवर सपाट केला, की ही खोली नाहीशी होते.

चित्रांचे रूपांतर ही गोष्ट खुद्द जपानातही नवी नव्हती. कानो एइतोकू (१५४३–९०) याचे सायप्रस जातीच्या वृक्षाचे प्रसिद्ध चित्र मुळात सरकत्या दारांवर होते. पुढे ते आठ फलकांच्या पडद्यात बसविण्यात आले. दारांच्या मुठींच्या खुणा त्यावर अद्याप दिसतात. २०१४ मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात त्याचे चार-चार फलकांचे दोन पडदे करण्यात आले.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांशी आलेल्या संपर्कामुळे हा प्रकार यूरोपला परिचित झाला. पोर्तुगीज भाषेतील ‘बियोंबो’ हा शब्द ‘ब्योबू’वरूनच आला. ओदा नोबुनागाने आझुची किल्ल्याचे चित्र असलेले पडदे जेझुइट धर्मप्रचारक वालिन्यानो याला दिले. १५८२ मध्ये नागासाकीहून निघून गोव्यामार्गे यूरोपात गेलेल्या जपानी शिष्टमंडळाने ते १५८५ मध्ये पोप तेराव्या ग्रेगरीला अर्पण केले. पुढे ते नष्ट वा गहाळ झाले.

मेजी पुनःस्थापनेनंतर (१८६८) सरंजामी घराण्यांचे उत्पन्न आटले, मंदिरांचाही आश्रय क्षीण झाला आणि अनेक पडदे विक्रीस आले. अमेरिकन संग्राहक चार्ल्स लँग फ्रीअर (१८५४–१९१९) याने १९०६ मध्ये सोतात्सूचे मात्सुशिमा येथील लाटांचे पडदे विकत घेतले. पाश्चात्त्य घरांत खुर्ची-टेबलांमुळे जमिनीवरील जागा अपुरी पडे आणि चित्र भिंतीवर टांगण्याची रीत रुळलेली होती. त्यामुळे पडदा चौकटीतील चित्राप्रमाणे वापरला गेला. काही पडद्यांचे फलक सुटे करून विकलेही गेले. भिंतीवर कायम राहिलेल्या पडद्यास सतत प्रकाश लागून रंग फिकट होतात, तर कोरड्या, तापविलेल्या हवेत लाकूड आकसून कागद फाटण्याचा संभव असतो.

जतनाच्या हेतूनेही मूळ रूप बदलावे लागते. ओगाता कोरिन (१६५८–१७१६) याच्या वायुदेव व मेघगर्जनादेव या पडद्यांच्या मागील बाजूस साकाइ होइत्सू (१७६१–१८२८) याने गवतवेली रंगविल्या होत्या : मेघगर्जनादेवाच्या पाठीशी पावसाने झोडपलेल्या, तर वायुदेवाच्या पाठीशी वाऱ्याने लवलेल्या. झीज टाळण्यासाठी विसाव्या शतकात दोन्ही बाजू विलग करण्यात आल्या. चित्रे सुरक्षित झाली. पण पुढच्या देवतांना मागून दिलेले उत्तर आता एकाच वस्तूत पाहता येत नाही. याउलट, सुट्या चौकटींत बसविलेले हिकोने पडद्याचे सहा फलक २००६ मध्ये सुरू झालेल्या जीर्णोद्धारात पुन्हा जोडून घडीच्या रूपात आणले गेले.

या पेचावर प्रतिकृतींचा मार्ग काही अंशी उपयुक्त ठरला आहे. २००७ मध्ये कॅनन कंपनी व क्योतो येथील एक सांस्कृतिक संस्था यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात सोनेरी वर्खासह पडद्यांच्या प्रतिकृती तयार करण्यात येतात. क्योतोच्या केन्निन्जी मंदिरातील सोतात्सूचा मूळ पडदा राष्ट्रीय संग्रहालयाकडे ठेव म्हणून असून मंदिरात प्रतिकृती मांडलेली असते. मूळ कृतीस अंधाराची विश्रांती मिळावी आणि प्रेक्षकास घडीचे रूप जमिनीवर पाहावयास मिळावे, या दोन्ही गरजा त्यामुळे भागतात. भिंतीवरील पडदा सौंदर्यहीन ठरतो असे नाही. परंतु उलगडणे आणि मिटणे हा ज्या कलेचा प्राण, तिचे मूल्यमापन केवळ सपाट पृष्ठावरून करणे अपुरे होय.